उखर्डूची भुई

साक्रीच्या शेडमध्ये निवडणीला बसते मी,
सतरा वर्षं झाली.
सुरकुतलेला दाणा, काळा डोळा पडलेला,
सालीवर राखेसारखं काहीतरी धरलेला,
बोटं न बघता बाजूला सारतात.
मुकादम म्हणतो, जिजा, तुझ्या नखांना डोळे आहेत.

तरी गेल्या साली आमच्याच वावरातली
बावीस पोती बंदरावरून परत आली.
सोबत कागद,
कागदावर लांबलचक नाव : अफ्लाटॉक्सिन.
आणि आकडा : अडतीस.
शंभर कोटी कणांत अडतीस कण.
आप्पाने कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"हाऊ कोनता पाव्हना?"

मी पोतं सोडून दाणे पसरले.
गुलाबी, टपोरे, गालाला खळी पडल्यासारखे.
लहानपणी कडू दाणा दाताखाली आला
की आप्पा ओरडायचा, "थुकी दे!"
हे तर कडूही लागत नाही.
कुठल्या बोटाने वेचू?

पिंपळनेरहून चौरे मॅडम आल्या, फटफटीवर,
कृषी सहायक, माझ्याहून लहान.
पोत्यांकडे बघितलंसुद्धा नाही.
कान नदीच्या अंगाला आमचं मुरमाड वावर,
तिथे उकिडव्या बसल्या,
मूठभर माती नाकाशी नेली.
म्हणाल्या, शेवटी पाण्याचा ताण पडतो,
शेंगेला चीर जाते, हुमणी भोक पाडते,
पिवळट हिरवी बुरशी मातीत आधीच बसलेली असते,
तिला दार उघडंच मिळतं.

"भुई काय आजारी शे?"
आप्पा तिथून उठून गेला.
घरचं माणूस वाईट निघालं म्हणावं
आणि ऐकून घ्यावं, असा तो नाही.

आप्पाच्या आधीची तिघं जगली नाहीत.
चौथ्याला त्याच्या मायने
नाळ वाळायच्या आत उकिरड्यावर निजवलं,
मरणाला वाटावं, हे कुणीतरी टाकून दिलेलं आहे.
नाव ठेवलं उखर्डू.

मॅडमनी पुडा फोडला. भुकटी, धुळीसारखी.
कुजलेल्या शेणखतात कालवली,
लिंबाखाली ढीग लावला, पाणी शिंपडलं,
वर ओलं गोणपाट.
आठव्या दिवशी टोक उचललं
तर आत हिरवंगार.
मी मागे सरले. हीच ना ती?
ही दुसरी, मॅडम म्हणाल्या.
हिरवीच, पण ही आधी जाऊन जागा धरते,
तिला बसू देत नाही.
आप्पा लिंबाच्या बुंध्याशी उभा होता,
वर्षभरात पहिल्यांदा हसला.
"माले बी मायनी असंच ठेयेल व्हतं."

अर्ध्या वावरात पसरलं. अर्धं कोरं ठेवलं.
आऱ्या मातीत शिरायला लागल्या तेव्हा
बुंध्याबुंध्याशी जिप्समची मूठ,
कवच घट्ट व्हावं म्हणून.
बांधावरून झिपरू ओरडला,
"भुईले चुना लावी राह्यना का रे म्हातारा!"
आप्पाने मान वर केली नाही.
शेवटचं पाणी या वेळी चुकवलं नाही आम्ही,
रात्री दोनला वीज आली तरी.

काढणी. वेल उलटे, शेंगा उन्हाकडे.
दोन पिशव्या, दोन चिठ्ठ्या, धुळ्याची एसटी.
कोऱ्या अर्ध्याचे एकेचाळीस.
शेणाच्या अर्ध्याचे सहा.
शून्य का नाही, मी विचारलं.
मॅडम पिशवीची गाठ सोडत होत्या,
म्हणाल्या, माती आहे ताई.

एकेचाळीसची पेंड म्हशीला घालू, असं मीच म्हणाले.
ते दुधात उतरतं, कळलं.
मग आप्पाने खड्डा खणला, कमरेइतका,
आणि एकही दाणा मला वेचू दिला नाही.

यंदा लिंबाखाली ढीग दुप्पट आहे.
रात्री मध्येच बाज करकरते.
आप्पा बॅटरी घेऊन जातो,
गोणपाटाचं टोक हळूच उचलतो,
झोळीत डोकवावं तसं बघतो,
पुन्हा पांघरतो.